देवाने खरा ठरवलेला पासवर्ड

आमच्या घरातला कॉम्प्युटर रोज सकाळी एक जानेवारी दोन हजार दोन या दिवशी जागा व्हायचा. बाहेर दोन हजार पाच चालू होतं. त्याच्या आतल्या घड्याळाचा बटणाएवढा सेल मेला होता, आणि वीज गेली की मधली तीन वर्षं तो साफ विसरून जायचा. वीज तर रोजच जायची. नवा सेल कुडाळच्या बाजारात मिळत होता. मी कुडाळातच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, येताना खिशात टाकून आणला असता. पण आबांनी नको म्हटलं.

"देवाक फुला रोज घालतव मा? मगे ह्येका तारीख रोज घातली तर काय हात झडतले?"

आबा म्हणजे माझे थोरले काका. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला आबांनी आणि काकीने वाढवलं, धामापूरच्या अलीकडच्या आमच्या घरात. आबांना गावात एक मोठा मान होता: जत्रेच्या दिवशी देवासमोर गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा. आबा एकेक मागणं खड्या आवाजात मांडायचे आणि प्रत्येक मागण्यापाठी सगळा गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" हे गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. आबांना ते त्यांच्या वडिलांकडून तोंडी आलेलं, वडिलांना त्यांच्या वडिलांकडून.

कॉम्प्युटर आला तो आबांच्या मुंबईच्या मुलाकडून. त्याने नवा घेतला आणि जुना लक्झरीच्या डिकीतून पाठवून दिला. आम्ही पाठवलेल्या आंब्याच्या पेट्यांतलं गवत त्याने सगळ्या फटींत कोंबलं होतं, त्यामुळे पुढे महिनाभर यंत्र तापलं की खोलीत हापूसचा वास सुटायचा. खोली म्हणजे गणपतीची खोली. चांगला प्लग तिथेच होता.

मी तीन खाती करायला बसलो. खातं करताना कॉम्प्युटर विचारतो, हे मुख्य की मर्यादित? आबा मागे उभे होते.

"काय इचारता तो?"

मी समजावलं, की मुख्य खात्याला सगळं करता येतं. मर्यादितवाल्याला नवं काही आत घालता येत नाही, साधी तारीखसुद्धा बदलता येत नाही.

"म्हणजे मान एकाचो."

"मान नाय ओ आबानू, ती फक्त एक सोय..."

"सोय म्हण, मान म्हण. घरात वडील कोण?"

झालं. मुख्य खातं आबांचं. काकीला कॉम्प्युटरशी काही देणंघेणं नव्हतं, पण वेगवेगळी खाती होतायत म्हटल्यावर तिनेही आपलं मागून घेतलं. तिचं मर्यादित आहे असं मी जरा चाचरत सांगितलं, तर म्हणाली, "चाळीस वर्सा मर्यादितच आसय. तू काय नवीन सांगतस?" खात्याच्या चित्रांतून तिने मासा निवडला, केशरी रंगाचा, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघून विचारलं, "ह्यो तिखल्यात घातलो तर लागतलो कसो?" आबांच्या खात्याला कॉम्प्युटरने आपल्या मनानेच एक पिवळं बदक दिलं होतं. मी बदलू म्हटलं. आबा म्हणाले, जे आलं ते आलं.

मग मी त्यांना पासवर्ड शिकवला. क्लासमध्ये मुलांना सांगायचो तेच वाक्य त्यांना सांगितलं: पासवर्ड कोणाला सांगायचा नाही. मित्राला नाही, भावाला नाही, देवालासुद्धा नाही. क्लासमध्ये या वाक्याला हशा यायचा. आबा हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात एक नवा विधी सुरू झाला. आबा आंघोळ करून, पाय परत एकदा धुऊन खोलीत येत. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारीख आणि तिथी दोन्ही बघत. मग खुर्चीवर बसून म्हणत, "फिरा." मी भिंतीकडे तोंड करायचो. काकी स्वयंपाकघराकडे तोंड करायची. एकदा मासे घेऊन आलेली बाईसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन दारात पाठमोरी उभी राहिली आणि तिथूनच विचारू लागली, "काय गो वयनी, घरात देव इलो काय?" एका बोटाने नऊ टकटक होत. नंतर, "फिरा आता." बदकाखालचं दार उघडलेलं असे आणि आबा यंत्राला चालू सालात आणून सोडत.

तारखेनंतर आबा तासभर आपलं काम करत. ते गाऱ्हाणं लिहून काढत होते. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. माझ्यामागे ते जाऊ नये, म्हणायचे. आणि म्हणूनच कुलूप: गाऱ्हाणं हे ऐकायचं असतं, कोणीही येऊन वाचायचं नसतं. त्या आश्विनापर्यंत ते अर्ध्यावर आले होते.

इथपर्यंतची गंमत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे. लोक हसतात. पुढचं सांगितलेलं नाही.

आमच्या क्लासमध्ये शिकवणारी एक बाई होती. तिच्यासमोर मला जरा मोठं दिसायचं असायचं, तिच्याबद्दल इतकंच. क्लासला एक नवा प्रोग्राम आला होता. तो मी घरी घालून बघतो, तुम्ही या, असं मी तिला म्हटलं, आणि ती एका दुपारी सीडी घेऊन खरंच आली. काकीने सोलकढी दिली. मी आबांना हाक मारली. ते घरामागच्या परड्यातून आले, पाय धुतले, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले, "आज अमावाश्या. नवीन कायव घालूचा नाय. उद्या घालूया."

"आबानू, ह्या कॉम्प्युटराक कसली अमावाश्या?"

"तारीख आसा मा त्येका? मगे तिथी पण आसा."

बाई हसली. वाईट अर्थाने नसेल. "सर," ती म्हणाली, "तुम्ही मुलांना शिकवता आणि घरी तुम्ही लिमिटेड?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा देवळात गेलेले असताना मी दार लोटून बसलो. कॉम्प्युटर चालू होताना एक बटण दाबून धरलं की तो वेगळ्या वाटेने उघडतो, आणि त्या वाटेवर एक लपलेलं मुख्य खातं असतं. बऱ्याच घरांत त्याला पासवर्ड घातलेलाच नसायचा. आमच्याकडेही नव्हता. मी आत गेलो आणि आबांच्या बदकाचा पासवर्ड बदलला.

स्वतःला मी पुष्कळ वर्षं सांगितलं, की कामासाठी ते करावंच लागलं. तसं नव्हतं. त्याच वाटेने माझं स्वतःचं खातं मुख्य करता आलं असतं. आबांच्या खात्याला हात लावायची गरजच नव्हती. त्यांनी एकदा त्या दारासमोर उभं राहावं आणि दार उघडू नये, एवढंच मला बघायचं होतं. एकदाच. मग परत पहिल्यासारखं करून टाकू.

आणि बदलून झाल्यावर, आपलाच शिकवलेला धडा आठवावा तसं मला आठवलं, की पासवर्ड बदलता येतो, पुसता येतो, पण आधीचा कोणता होता ते कोणालाच बघता येत नाही. पहिल्यासारखं करायचं तर पहिला ठाऊक असायला हवा. तो फक्त आबांना ठाऊक होता. आणि आबा तो देवालासुद्धा सांगणार नव्हते.

सकाळी आबा आंघोळ करून आले. कॅलेंडर बघितलं. "फिरा." आम्ही फिरलो. नऊ टकटक. थोडा वेळ काही नाही. परत नऊ.

"ह्या इंग्रजीत काय लिवता रे?"

मी वळलो. पडद्यावर नेहमीचीच ओळ होती. अशा वेळी ते यंत्र सगळ्यांना हेच विचारतं.

"विचारता," मी म्हटलं, "पासवर्ड विसरलास काय."

आबांनी पडद्याकडे बघून उत्तर दिलं. "नाय."

परत फिरायला लावलं. परत नऊ. परत तीच ओळ. आता मी न विचारताच वाचून दाखवली, हे मला अजून आठवतं. काकी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, "काल भाजयेत मीठ दोनदा घातलात, तेवाच माका वाटलेला."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, त्या बाईच्या हसण्यापासून. मी म्हटलं, "आबानू, माका शब्द सांगा, मी बघतंय काय करूक येता."

"तूच सांगलंस, कोणाक सांगूचो नाय म्हणान."

"आता सांगलात तर चलात."

"काल नाय चलत होता ता आज कसा चलात?"

तिसऱ्या दिवशी आबा म्हणाले, कौल लावू या.

आमच्याकडे कशालाही कौल लावतात. विहीर कुठे खणायची, मुलीला स्थळ कुठलं बरं. गुरव ओल्या कळ्या देवाच्या मूर्तीवर दोन बाजूंना चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आबा, काकी, मी आणि देवळात बसायला आलेले चारपाच म्हातारे, असे आम्ही होतो. गुरवाने विचारलं, शब्द कोणता? आबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यो मास्तर म्हणता, देवाक पण सांगूचो नाय."

गुरवाने मला आपादमस्तक न्याहाळलं. "नको सांगा. देवाक म्हायत आसता," म्हणाला, आणि त्याने हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकरान घरातल्या यंत्राक एक गुपित शब्द दिलेलो आसा. त्येच्या मनात आसा तोच शब्द खरो आसात, तर उजवी कळी दी. आणि त्येचीच काय भूल पडली आसात, तर डावी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

कौलाला कधी कधी अर्धा तास लागतो. त्या दिवशी गुरवाचे हात खाली यायच्या आत उजवी कळी पडली. पडली म्हणजे सटकन पायाशी येऊन पडली.

मी देवबीव फारसा मानणाऱ्यातला नव्हतो. पण त्या गाभाऱ्यासमोर खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाने सांगून टाकलं होतं.

आबा जवळजवळ धावतच घरी निघाले. गुरवही मागोमाग आला, त्यालाही बघायचं होतं. आबांनी पाय धुतले. "फिरा." गुरव फिरला, काकी फिरली, मी फिरलो. नऊ टकटक. मग काहीच नाही. मग आबांचा आवाज, अगदी हळू: "ताच लिवता काय रे?"

"व्हय," मी न बघताच म्हटलं.

काकीने गुरवाकडे बघितलं. देव खोटं बोलला म्हणायची कोणाची छाती नव्हती, गुरवाची तर नव्हतीच. त्याने पाठमोऱ्यानेच विचार केला आणि म्हणाला, "देवान शब्द खरो म्हणान सांगल्यान. बोटाचा आपण खंय इचारलेला?"

मला हसू आलं होतं. पण आबांनी ते बोलणं उचललं. कळी उजवी पडली म्हणजे शब्द खरा. दार उघडत नाही म्हणजे मन एक सांगतं आणि हात दुसरंच करतो. म्हणजे बिघाड आपल्यातच. देव, यंत्र आणि गुरव तिघेही सुटले. उरले आबा.

त्यानंतर ते एकटे कुडाळच्या बाजाराला जायचे थांबले. जेवून उठल्यावर काकीला विचारत, "मी भात दोनदा घेतलंय मा?" आणि सकाळी तारखेच्या वेळेला परड्यात जाऊन फणसासमोर उभे राहून गाऱ्हाणं म्हणून बघत. फणसाला "व्हय म्हाराजा" म्हणता येत नसल्यामुळे तेही आबाच म्हणत. मी पडवीतून ऐकायचो. एक शब्दही चुकत नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी परत फणस.

मला ते बघवेना. पण म्हणून मी खरं सांगितलं असं नाही. मी परत त्या मागच्या वाटेने गेलो आणि पासवर्ड काढूनच टाकला. आबांना म्हटलं, दुरुस्त झाला, बघा.

ते पाय धुऊन आले. "फिरा" म्हणाले. बदकावर टिचकी दिली. दार आपलं आपण उघडलं.

"इचारल्यान नाय," आबा म्हणाले.

"काय?"

"माका इचारल्यान नाय. कोण तू म्हणान." मग माझ्याकडे वळून, "कुलूप काढलंस काय रे?"

"व्हय."

"बरा केलंस. ज्येका चावी गावना नाय त्येका कुलूप कित्याक?" ते उठले. "नवीन घालया" असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तो पण विसरलंय तर? आता तारीख तूच घाल."

अशा रीतीने मला घरातला मान मिळाला. दुसऱ्या दिवशी मी कुडाळहून सेल आणून बसवला. त्यानंतर त्या यंत्राला तारीख घालावीच लागली नाही. अर्ध्यावर राहिलेलं गाऱ्हाणं तसंच राहिलं.

जत्रा महिन्यावर आली तेव्हा आबांनी देवळाच्या बैठकीत सांगितलं, ह्या वर्षी गाऱ्हाणं पुतण्या घालील. मी हबकलोच. घरी येऊन म्हटलं, "तुमका सगळा येता, आबानू."

"येता. पण देवासमोर उभो रवलंय आणि मधीच अडाकलंय तर? मी हसा झालंय तर चलात, गावाचा गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला तर चलाचा नाय."

लिहून झालेला भाग मी छापून काढला. राहिलेला आबांनी आठ दिवस समोर बसवून शिकवला, न अडखळता, आणि मी अडखळलो की, "काय रे, डोक्यात काय भुसो भरलंस?" गाऱ्हाण्याच्या शेवटाकडे एक जागा आहे. जाणत्याने, अजाणत्याने काही चुकलं असेल तर ते देवाने पोटात घालावं, अशी. तिथे आलो की माझा आवाज खाली जायचा. आणि आठव्या दिवशी मी ठरवलं, की तिथेच बोलायचं. देवासमोर, गावासमोर. मग आबांना कोणी भुलका म्हणणार नाही.

जत्रेला देऊळ माणसांनी भरलं होतं. मी हातात कागद घेऊन उभा होतो, आबा माझ्या मागे. सुरुवात बरी झाली. गाव व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा म्हणत होता. मग ती जागा आली.

"जाणत्यान, अजाणत्यान काय चुकला माकला आसात..." मी म्हटलं आणि थांबलो.

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. देवा, तुझी कळी खरी होती. मी श्वास घेतला. गुरव बघत होता. समोर ती उजवी बाजू दिसत होती.

"ता पोटात घाल," मागून आबा कुजबुजले.

मी बोललो नाही.

"ता पोटात घाल रे!" जरा मोठ्याने. आणि मी तरीही गप्प राहिल्यावर आबा एक पाऊल पुढे आले आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या खड्या आवाजात उचललं, "ता पोटात घाल, आणि लेकराबाळांची, गुराढोरांची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ घुमलं. तिथून शेवटपर्यंत आबांनी म्हटलं. एका दमात. मी कागद धरून बाजूला उभा होतो, लग्नातल्या करवल्यासारखा.

बाहेर येताच सुरू झालं. "मास्तरांक कॉम्प्युटर नसलो तर कायव येना नाय!" "बटण खंयचा दाबूचा ताच गावला नाय वाटता!" काकी गूळ लावलेलं खाजं घेता घेता दुकानदाराला सांगत होती, "काय करतलो? मर्यादित आसा मा तो." आणि आबा भेटेल त्याला सांगत होते, "पोरगो अडाकलो. मी सावरलंय. नायतर गाऱ्हाणा आज अर्धाच ऱ्हवला आसता." कित्येक दिवसांनी ते असे बोलत होते. जेवताना भात किती वेळा घेतला ते त्यांनी काकीला विचारलं नाही.

त्या रात्री आणि त्यानंतर मी कधीच सांगितलं नाही. पुढल्या वर्षी मान त्यांनी परत घेतला आणि हातपाय चालेपर्यंत ठेवला. गावाने मला विसराळू ठरवलं आणि मी ते घेतलं. मला वाटलं, फिटलं. फिटलं नव्हतं. कॉम्प्युटरकडे आबा परत कधी फिरकले नाहीत. मासेवाली एकदा दारातून म्हणाली, "काय, आज फिरूचा नाय?" तर ते ऐकू न आल्यासारखं करून परड्यात गेले. आपला हात आपलं ऐकत नाही हे त्यांनी शेवटपर्यंत खरंच धरलं. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरायचे.

आबा जाऊन बरीच वर्षं झाली. काकी आहे. हे लिहून झाल्यावर छापायला द्यायच्या आधी तिला पडवीत बसवून वाचून दाखवलं. ती झाडूसाठी नारळाच्या चुडताचे हीर काढत होती. मध्ये एकदाच, माशाच्या ठिकाणी, हसली. संपल्यावर तिने हातातलं चुडत पुरं केलं.

"म्हणजे देव खरो होतो," ती म्हणाली.

"व्हय."

"आणि ते पण."

"व्हय, काकी."

तिने हिरांची जुडी बांधली. "माका सांगान काय उपेग? मी काय त्येंका खोटा म्हणाक नव्हतंय... म्हटलंय, मिठाचा म्हटलंय." तिने जुडी बाजूला ठेवली. "ह्या वर्सा गाऱ्हाणा तूच घालतलंस मा?"

मी हो म्हटलं.

"मगे त्या जाग्यार सांग. सगळ्यांसमोर. आता मागसून उचलून घेवक कोण नाय." ती उठली, पदर झटकला. "आणि लाज वाटली तर सांग. मी फिरान उभी रवतंय."